लहान कबड्डीपटूंना खिलाडूवृत्ती शिकवताना : नव्या प्रशिक्षकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

शाळेच्या किंवा मंडळाच्या १४ वर्षांखालील कबड्डी संघाची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेल्या शिक्षकांसाठी, मंडळातील तरुण कार्यकर्त्यांसाठी आणि मदतीला उभ्या राहणाऱ्या पालकांसाठी हा लेख आहे. चढाई कशी करावी, साखळी कशी बांधावी, घोट्याची पकड कशी घ्यावी हे शिकवणारी जाणती माणसे जवळपास प्रत्येक तालुक्यात भेटतात. परंतु मुलाने स्पर्श लपवला, पंचांशी हुज्जत घातली किंवा हरल्यावर प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवायला नकार दिला तर नेमके काय करायचे, याविषयी फारसे कोणी बोलत नाही आणि नवा प्रशिक्षक बहुधा एक लांबलचक उपदेश करून मोकळा होतो. मी बरीच वर्षे शालेय संघ आणि मंडळांचे संघ सांभाळले आहेत. उपदेशाने मुलांचे वागणे बदलत नाही. पकडीचा सराव जसा रोज घोटून घ्यावा लागतो, तसाच खिलाडूवृत्तीचाही घ्यावा लागतो, असे माझे ठाम मत आहे.

कबड्डीत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे, कारण या खेळातील गुण पुष्कळदा अशा स्पर्शावर ठरतो की जो फक्त दोघांनाच निश्चित ठाऊक असतो. चढाईपटूच्या बोटाचे टोक बचावपटूच्या कोपराला किंवा बनियनच्या टोकाला लागले की नाही, हे दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या पंचांना दर वेळी दिसेलच असे नाही. म्हणून स्पर्श झालेल्या बचावपटूने स्वतः हात वर करून मैदानाबाहेर जाण्याची रीत आपल्या मैदानांवर जुनी आहे. ही रीत मुलांच्या अंगवळणी पाडणे हे या मार्गदर्शनाचे मुख्य काम आहे आणि बाकीचे टप्पे त्याला आधार देणारे आहेत.

हंगाम सुरू होण्याआधी जमवायची कागदपत्रे आणि साहित्य

पुढील गोष्टी पहिल्या सरावाच्या आधीच हाताशी ठेवाव्यात. यांतील काहींचा खिलाडूवृत्तीशी संबंध लगेच लक्षात येणार नाही, पण पुढे तो स्पष्ट होईल.

- भारतीय हौशी कबड्डी महासंघाच्या नियमांची अद्ययावत पुस्तिका आणि ज्या स्पर्धेत उतरायचे आहे तिची स्वतंत्र नियमावली.
- प्रत्येक खेळाडूचा जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड दाखला, जनरल रजिस्टरचा उतारा, आधार कार्डाची प्रत आणि मुख्याध्यापकांची सही असलेले छायाचित्रासह ओळखपत्र.
- पालकांचे लेखी संमतीपत्र; त्यातच संपर्क क्रमांक, रक्तगट आणि मुलाला असलेले आजार किंवा ॲलर्जी यांची नोंद.
- वजनकाटा, नेलकटर, प्रथमोपचार पेटी आणि बर्फ.
- शिट्टी, स्टॉपवॉच, आखणीसाठी फक्की आणि हिरवे, पिवळे, लाल अशी तीन कार्डे. ही कार्डे सरावातही वापरायची आहेत.
- एक जाड वही, जिच्यात गुणांसोबत वागणुकीच्या नोंदीही होतील.

१. नियम आधी स्वतः वाचा

पंचांशी होणारे निम्मे वाद नियम माहीत नसल्यामुळे होतात, असा माझा अनुभव आहे. प्रशिक्षकाने वीस वर्षांपूर्वी खेळलेले नियम त्याच्या डोक्यात पक्के असतात, मुले दूरचित्रवाणीवर २०१४ पासून सुरू झालेली प्रो कबड्डी लीग पाहून तिचे नियम गृहीत धरतात, आणि प्रत्यक्ष स्पर्धा तिसऱ्याच नियमावलीने चाललेली असते. बोनस गुण किती बचावपटू मैदानात असताना मिळतो, तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी केलेल्या पकडीला जादा गुण आहे का, सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरी निर्णायक धरली जाते का, स्पर्श होण्याआधी राखीव क्षेत्रात (लॉबीत, म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत) पाय पडला तर कोण बाद होतो, हे प्रश्न प्रत्येक स्पर्धेच्या आधी आयोजकांना विचारून उत्तरे वहीत लिहून घ्यावीत.

या शेवटच्या प्रश्नावरून केवढा गोंधळ होऊ शकतो, ते सगळ्या जगाने पाहिले आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण २८-२८ अशा बरोबरीत असताना पवन सेहरावत चढाईला गेला, स्पर्श न होताच राखीव क्षेत्रात उतरला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही तेथे गेले. जुना नियम लावायचा की नवा, यावरून वाद पेटला, खेळाडू मॅटवर बसून राहिले आणि सामना सुमारे तासभर थांबला. अखेरीस भारताने तो ३३-२९ असा जिंकला. आपल्या मुलांना हा प्रसंग जरूर सांगावा, मात्र कोण बरोबर होते याचा निवाडा करण्यासाठी नव्हे. अनुभवी खेळाडूंचीही नियमाच्या संदिग्धतेमुळे अशी अवस्था होते, तर आपण सामन्याआधी विचारून घ्यावे, एवढे त्यांच्या लक्षात आले तरी पुरे.

२. वय आणि वजन : इथे तडजोड केली तर पुढचे सारे व्यर्थ

या टप्प्यावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण नवा प्रशिक्षक सर्वांत आधी येथेच अडकतो. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत, तालुक्यापासून जिल्हा, विभाग आणि राज्यापर्यंत होतात. वरच्या पातळीवरील सहभागाला दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ही तरतूद योग्यच आहे आणि तिच्यामुळे अनेक गरीब घरांतील मुलांचे भले झाले आहे. परंतु तिच्यामुळे एका प्रमाणपत्राचे मोल फार वाढते आणि मग कोणीतरी हळूच सुचवतो की अमुक मुलगा थोडा मोठा आहे पण दाखल्यावर बसतो, किंवा तमुक मुलगा दुसऱ्या शाळेचा आहे पण आपल्या नावावर खेळवता येईल.

अशी सूचना कोणीही केली, अगदी संस्थेतील ज्येष्ठांनी केली, तरी ती नाकारावी. कारण केवळ पकडले जाण्याच्या भीतीचे नाही. संघातील बाकीची अकरा मुले त्याच वर्गांत आणि त्याच गल्लीत वाढलेली असतात. कोण कोणत्या इयत्तेत नापास झाला आणि कोणाचा मोठा भाऊ किती वर्षांचा आहे, हे त्यांना तुमच्यापेक्षा नीट ठाऊक असते. दाखल्यात फेरफार करून खेळवलेला एक मुलगा मैदानात उतरला की त्या सर्वांना एकच धडा मिळतो, आणि त्यानंतर तुम्ही स्पर्श कबूल करण्याविषयी काहीही सांगितले तरी ते कानाआड जाते. शिवाय १६ वर्षांच्या मुलाने १२ वर्षांच्या मुलाला छातीवर घेतले तर हाड मोडू शकते, हा धोका वेगळाच. नकार देताना वाद वाढवू नका. "मूळ जनरल रजिस्टरच्या उताऱ्याशिवाय मी प्रवेशिकेवर सही करणार नाही," एवढे एकच वाक्य शांतपणे आणि प्रत्येक वेळी तसेच म्हणावे.

वजनाचे प्रकरण याहून नाजूक आहे. कबड्डीत वयोगटानुसार वजनाची मर्यादा असते आणि स्पर्धेच्या सकाळी वजन घेतले जाते. मर्यादेच्या काठावर असलेल्या मुलाला दोन दिवस उपाशी ठेवणे, पाणी न देणे, जाड जॅकेट घालून उन्हात पळायला लावणे, हे प्रकार अजूनही चालतात. कोवळ्या वयात शरीरातील पाणी असे कमी करणे घातक आहे, आणि ते करायला लावणारा माणूस मुलांचा गुरू म्हणवून घेण्यास पात्र नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन. हंगामाच्या सुरुवातीपासून दर पंधरवड्याला वजनाची नोंद ठेवावी, मुलाचे वजन मर्यादेपलीकडे जात असेल तर त्याच्या पालकांना वेळीच कल्पना द्यावी, आणि त्या वर्षी त्याला संघासोबत राखीव कामात, म्हणजे गुणलेखनात किंवा सरावातील पंचगिरीत, मानाने सामावून घ्यावे. वाढीच्या वयात वजन वाढणे हा मुलाचा दोष नाही, हे त्याला चारचौघांत सांगावे.

३. संघाचे नियम मुलांकडूनच ठरवून घ्या

पहिल्या आठवड्यात मुलांना गोल बसवून विचारावे की दुसऱ्या संघाने आपल्याशी कसे वागलेले आपल्याला आवडणार नाही. उत्तरे भराभर येतात: बाद झालेला गडी बाहेर जात नाही, पकडीत चिमटे काढतात, नखे मारतात, आईवरून शिव्या देतात, जिंकल्यावर तोंडासमोर येऊन मांडी ठोकतात. ही यादी फळ्यावर लिहावी आणि मग याच गोष्टी आपणही करणार नाही, असे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे. चार-पाच नियम पुरेत. नियम लिहिलेल्या कागदावर सर्व मुलांच्या आणि प्रशिक्षकाच्याही सह्या असाव्यात.

"रडीचा डाव" हा शब्द मुलांना घरापासून माहीत असतो आणि तो त्यांना मनापासून लागतो. तो शब्द एकमेकांना चिडवण्यासाठी वापरू देऊ नका, नाहीतर नियम पाळण्यापेक्षा दुसऱ्याची चूक शोधण्यातच त्यांचा वेळ जाईल.

४. स्पर्श कबूल करण्याचा सराव

हा सराव आठवड्यातून निदान तीन दिवस, प्रत्येकी १५ ते २० मिनिटे घ्यावा. तो तीन पायऱ्यांनी चढत जातो.

पहिल्या पायरीत पंच नसतो. एक चढाईपटू आणि तीन बचावपटू घ्या, ३० सेकंदांची चढाई ठेवा आणि एकच अट घाला: स्पर्श झाला का, हे फक्त ज्याला स्पर्श झाला त्यानेच सांगायचे. चढाईपटूने गुण मागायचा नाही, बोट दाखवायचे नाही, ओरडायचे नाही. बचावपटूला स्पर्श जाणवला की त्याने हात वर करून बाहेर जायचे. त्याचप्रमाणे चढाईपटूचा पाय अंतिम रेषेबाहेर गेला, किंवा स्पर्शाआधी राखीव क्षेत्रात पडला, तर त्याने स्वतः थांबून हात वर करायचा. सुरुवातीला मुले एकमेकांकडे पाहतात आणि मग तुमच्याकडे पाहतात. तुम्ही निर्णय देऊ नका. तुम्ही निर्णय द्यायला लागलात की जबाबदारी पुन्हा तुमच्याकडे येते आणि मुले आपले लक्ष स्वतःच्या अंगावरून काढून तुमच्या शिट्टीवर ठेवतात.

याच पायरीत दमाचीही शिस्त लावावी. "कबड्डी, कबड्डी" हा उच्चार स्पष्ट, सलग आणि समोरच्याला ऐकू जाईल असा असला पाहिजे, हा खेळाचा मूळ नियम आहे. परंतु चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आल्यापासून घड्याळाकडेच सर्वांचे लक्ष असते आणि मुले ओठांतल्या ओठांत पुटपुटून दम चोरतात. समोरच्या शेवटच्या बचावपटूला उच्चार ऐकू आला नाही तर चढाईपटूने आपणहून परतावे, असा सरावापुरता नियम ठेवावा.

दुसऱ्या पायरीत आणखी दोन मुलांना पंच म्हणून उभे करावे, पण त्यांनी निर्णय पुकारायचा नाही. प्रत्येक चढाईत काय दिसले ते कागदावर लिहायचे. दहा चढाया झाल्या की त्यांचे कागद आणि खेळाडूंनी स्वतः सांगितलेले स्पर्श सर्वांसमोर वाचून दाखवावेत. तफावत निघतेच. कधी खेळाडूने लपवलेले असते, तर कधी झटापटीत त्याला खरोखरच जाणवलेले नसते, आणि कधी पंचाचीच नजर चुकलेली असते. हे तिन्ही प्रकार मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्यावेत. येथे कोणालाही शिक्षा करू नका आणि खोटे बोललास असा आरोपही करू नका. आपण पाहिलेले पंचाला दिसतेच असे नाही आणि पंचाने पाहिलेले आपल्याला जाणवतेच असे नाही, ही समज एकदा आली की पंचांवरचा निम्मा राग आपोआप उतरतो.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आणि तीच बहुतेक जण गाळतात. शांत सरावात खरे बोलणे सोपे असते; गुणफलक २०-२० असताना आणि शेवटचे मिनिट उरले असताना ते कठीण जाते. म्हणून मुद्दाम तशी परिस्थिती उभी करावी. संघाचे दोन भाग करा, बरोबरीचा गुणफलक लावा, स्टॉपवॉचवर एक मिनिट ठेवा, बाकीच्या मुलांना आरडाओरडा करू द्या, आणि हरणाऱ्या बाजूने मैदान आवरायचे किंवा पाणी भरायचे असे काही पणाला लावा. या मिनिटात हात वर करणारे मूल तुमच्या संघात तयार झाले की समजावे, सराव लागू पडतो आहे.

आता बक्षिसाबद्दल. स्पर्श कबूल करणाऱ्याला सरावात जादा गुण द्यावा, असे काही प्रशिक्षक सुचवतात. मी त्याच्या विरुद्ध आहे. मुले हिशोबाला फार पक्की असतात. गुण मिळतो म्हटल्यावर न झालेले स्पर्शही कबूल होऊ लागतात आणि सगळ्या सरावाचा बाजार होतो. वहीत त्या चढाईच्या नोंदीभोवती एक गोल करावा आणि सराव संपताना त्या मुलाचे नाव घेऊन, काय घडले ते एका वाक्यात सर्वांना सांगावे. एवढे कौतुक पुरते आणि टिकते.

सर्वांत मोठा सापळा प्रत्यक्ष सामन्यात येतो. मूल हात वर करून बाहेर येते, पंचांना स्पर्श दिसलेलाही नसतो, आणि संघ एका गुणाने हरतो. मग मोठी मुले त्याच्यावर तुटून पडतात, प्रेक्षकांतून कोणी "गप्प बसला असतास तर" असे म्हणतो, आणि मूल तुमच्याकडे पाहते. त्या क्षणी तुम्ही सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात "बरोबर केलंस" असे म्हटले पाहिजे. नंतर एकट्यात सांगण्याला तितका अर्थ राहत नाही, कारण त्याचा अपमान चारचौघांत झालेला असतो.

याच कारणासाठी मुलांना गोष्टी सांगताना प्रामाणिकपणा करून शेवटी जिंकलेल्यांच्याच गोष्टी सांगू नयेत. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ होता. इंग्लंडचे पाच गडी स्वस्तात गेले होते. अशा वेळी पंचांनी बॉब टेलरला झेलबाद दिले, पण चेंडू बॅटला लागलेला नाही अशी विश्वनाथची खात्री झाल्याने त्याने टेलरला परत बोलावले. टेलर आणि इयान बोथम यांनी त्यानंतर १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत तो सामना १० गड्यांनी हरला. ही गोष्ट पराभवासकट सांगावी. "मग फायदा काय झाला?" असे मुले विचारतात, आणि तो प्रश्न दडपू नये. फायदा झाला नाही असेच सांगावे, आणि तरीही त्याने काय करायला हवे होते असे तुम्हाला वाटते, हे त्यांना विचारावे. या चर्चेला अर्धा तास गेला तरी तो वाया गेलेला नसतो.

५. पकड घट्ट, पण इजा नाही

हात, पाय आणि धड एवढीच पकडीची जागा आहे. केस किंवा कपडे ओढणे, गळा आवळणे, दम तोडण्यासाठी तोंड दाबणे, पायांची कैची घालणे, हे नियमानेच अपराध आहेत आणि लहान गटात ते अजिबात चालवून घेऊ नयेत. शिट्टी वाजताच हात सोडण्याचा स्वतंत्र सराव घ्यावा: मुले पूर्ण जोरात पकडीत असताना अचानक शिट्टी द्यावी आणि सर्वांचे हात लगेच सुटतात का ते पाहावे. शिट्टीनंतर दिलेला एक जादा झटका हे मैदानावरच्या बहुतेक भांडणांचे मूळ असते. पकड सुटल्यावर खाली पडलेल्याला हात देऊन उठवणे हा त्याच कृतीचा शेवटचा भाग म्हणून शिकवावा.

दर सरावाआधी नखे तपासावीत. वाढलेली नखे, अंगाला लावलेले तेल, बोटांतील अंगठी आणि हातातील कडे यांना नियमांत मनाई आहे, आणि एका ओरखड्यावरून दोन गावांतील मुलांची तोंडे फिरलेली मी पाहिली आहेत.

मांडी ठोकण्याबद्दल नवे प्रशिक्षक नेहमी विचारतात. चढाईला जाताना किंवा गुण घेऊन परतताना आपल्या गड्यांकडे पाहून मांडीवर थाप मारणे हा या खेळाच्या जोशाचा भाग आहे आणि तो बंद करू नये. पडलेल्या किंवा बाद झालेल्या मुलाच्या तोंडासमोर तीच थाप मारली तर ते डिवचणे होते. हा फरक मुलांना एकदा करून दाखवला की पुरतो.

६. पंचांशी बोलेल तो फक्त कर्णधार

इतर कोणत्याही खेळाडूने निर्णयावर तोंड उघडायचे नाही, आणि कर्णधारानेही निर्णय का दिला एवढेच विचारायचे. सरावातही हिरवे कार्ड ताकीद म्हणून, पिवळे कार्ड दोन मिनिटे बाहेर बसण्यासाठी आणि लाल कार्ड उरलेल्या सामन्यासाठी वापरावे, म्हणजे खऱ्या सामन्यात पिवळे कार्ड पाहून मूल भेदरत नाही आणि भडकतही नाही. प्रत्येक मुलाला महिन्यातून एकदा सरावातील सामन्यात पंच करावे. दोन्हीकडून ओरडा होत असताना निर्णय देणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे तो पंचांच्या अंगावर धावून जात नाही.

स्वतः प्रशिक्षकाने एक पथ्य पाळावे. चढाई चालू असताना मैदानाबाहेरून सूचना देणे हाही अपराधच आहे, जरी बहुतेक ठिकाणी त्याकडे काणाडोळा होत असला तरी. प्रत्येक डावात तीस-तीस सेकंदांचे दोन विश्रांतीकाळ मिळतात. जे सांगायचे ते तेव्हा सांगावे. खोटी दुखापत दाखवून वेळ काढायला सांगणे, आघाडी असताना बुटाची लेस बांधत बसायला सांगणे, या युक्त्या तुम्ही शिकवल्या तर मुले त्या तत्परतेने शिकतील आणि तुम्हालाही त्याच रीतीने फसवतील.

७. पालकांची सभा

महाराष्ट्रात १५ जुलै हा कबड्डीमहर्षी शंकरराव उर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिन कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. शालेय हंगामाची तयारीही त्याच सुमारास सुरू होते, म्हणून पालकांची सभा त्या दिवशी घेणे सोयीचे जाते. पालकांना तीनच विनंत्या कराव्यात: गुणलेखकाच्या टेबलाजवळ जाऊ नये, मैदानाबाहेरून कोणत्याही मुलाचे नाव घेऊन ओरडू नये, आणि घरी गेल्यावर "किती गुण घेतलेस?" हा प्रश्न पहिला विचारू नये. एखादे वडील स्वतः जुने खेळाडू असतील तर त्यांना राग आवरणे विशेष अवघड जाते. अशांना रेषेवर लक्ष ठेवण्याचे किंवा प्रथमोपचार पेटी सांभाळण्याचे काम द्यावे.

८. सामना संपल्यावर

जिंकलो तरी हरलो तरी क्रम एकच असावा: रांगेत उभे राहून प्रतिस्पर्धी संघातील प्रत्येकाशी हात मिळवणे, मग दोन्ही पंच, सरपंच (सामन्याचे मुख्य पंच) आणि गुणलेखक यांना नमस्कार करणे, मग आपल्या सामानाची जागा स्वच्छ करणे. हरल्यावर मुले रडतात आणि रडू द्यावे. रडणे आणि रडीचा डाव यांचा काही संबंध नाही. रडत असतानाही हात मिळवायला जावे लागते, एवढेच सांगावे. पराभवाची चर्चा त्याच संध्याकाळी करू नये.

प्रतिस्पर्ध्याकडे पाहण्याची मुलांची दृष्टी बदलायची असेल तर २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची गोष्ट सांगावी. महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे हरवून सुवर्णपदक घेतले, आणि त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्याच मातीतल्या एका शिक्षिकेने परक्या देशातील मुलींना कबड्डी मनापासून शिकवली आणि त्या मुलींनी ती मनापासून आत्मसात केली, हे ऐकल्यावर शेजारच्या शाळेचा संघ शत्रू वाटणे मुलांना जरा कठीण जाते.

९. कोणी चुकले तर

शिवी, धक्का किंवा शिट्टीनंतरचा झटका यांसाठी शिक्षा लगेच, थोडक्यात आणि सर्वांना सारखी असावी. उत्तम चढाईपटूला माफी आणि राखीव गड्याला शिक्षा असे एकदा जरी झाले, तर सह्या केलेल्या त्या कागदाला काही किंमत राहत नाही. उन्हात उभे करणे, मैदानाला फेऱ्या मारायला लावणे, हात उगारणे हे सर्वथा वर्ज्य. दोन मिनिटे, एक डाव किंवा एक सामना बाहेर बसवणे ही शिक्षा पुरेशी आहे, कारण खेळायला न मिळणे यापेक्षा मोठी शिक्षा या वयात नसते. शिक्षा संपल्यावर त्या मुलाला परत आत घ्यावे आणि तो विषय पुन्हा काढू नये.

१०. आपल्यावर अन्याय झाला तर

खिलाडूवृत्ती म्हणजे निमूटपणे सोसणे, असा समज मुलांचा होऊ देऊ नका. समोरच्या संघात जास्त वयाचा किंवा दुसऱ्याच्या नावावर खेळणारा गडी असल्याची खात्री असेल, तर व्यवस्थापकाने नियमावलीत दिलेल्या मुदतीत, ठरलेले शुल्क भरून, लेखी हरकत नोंदवावी आणि पोचपावती घ्यावी. हरकतीत फक्त घटना आणि नियमाचा क्रमांक लिहावा. आरोपांची भाषा वापरू नये. हे होईपर्यंत मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. संघ मैदानातून बाहेर काढण्याची धमकी देऊ नये आणि प्रत्यक्षात तर काढूच नये. निर्णय विरुद्ध गेला तर तो मुलांना जसाच्या तसा सांगावा आणि आयोजकांविषयी त्यांच्यासमोर शेरेबाजी करू नये.

११. कर्णधार निवडताना

हंगामाच्या शेवटी पुढील वर्षाचा कर्णधार निवडायचा असतो आणि बहुतेक संघांत हा मान सर्वाधिक गुण घेणाऱ्या चढाईपटूकडे आपसूक जातो. वही उघडून गोल केलेल्या नोंदी पाहाव्यात, सरावात पंच म्हणून कोणाचा निर्णय मुले वाद न घालता मानतात ते आठवावे, आणि मग नाव ठरवावे. ते मूल बऱ्याचदा कोपऱ्यात उभे राहणारा एखादा शांत पकडपटू निघते. मुलांचे मतही चिठ्ठीवर घ्यावे. उपकर्णधार मात्र एक इयत्ता खालचा असावा, म्हणजे वयोगट ओलांडून कर्णधार वरच्या संघात गेला तरी या संघाला लागलेल्या सवयी पुढच्या मुलांना दाखवायला कोणीतरी मैदानात असते.